नाव नव्हे, शेत शोधा : अमेरिकन शेतकऱ्याची वंशावळ कशी काढतात

२०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि ‘वंशावळ’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. खासरा पत्रक, कोतवाल बुक, जुन्या शाळेचं रजिस्टर, मोडी वाचता येणारा माणूस. पणजोबा कागदावर सिद्ध करायला काय काय लागतं, ते तेव्हा कळलं.

अमेरिकेत हाच उद्योग लोक हौसेने करतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता अमेरिकन सुना-जावई आहेत, आणि नातवंडांना शाळेत घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगतात. आपली बाजू तीन-चार पिढ्यांत संपते. तिकडच्या बाजूला मात्र दीडशे वर्षांपूर्वीचा खापरपणजोबा, त्याचे १६० एकर, चार घोडे आणि सहा दुभत्या गाई असं सगळं लिहिलेलं निघतं. ना वतन, ना देशमुखी, ना त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही. मग साध्या शेतकऱ्याचा माग लागतो कसा? बहुतेक वेळा शेतामुळे लागतो. माणूस नाव बदलतो, वय चुकवतो, राज्य सोडून जातो. जमीन जागची हलत नाही, आणि तिच्यावर ज्याचा हात पडला त्याचा कागद होतो.

जन्मदाखला मागू नका

नवखा माणूस पहिल्यांदा जन्मदाखला शोधतो आणि तिथेच अडकतो. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक शेतकऱ्यांचा जन्मदाखला नसतोच. मॅसॅच्युसेट्सने १८४१ मध्ये राज्यभर नोंदणी सुरू केली, पण तो अपवाद. पेनसिल्व्हेनियात जन्म-मृत्यूची कायमची राज्यव्यापी नोंदणी १९०६ मध्ये आली, मिसुरीत १९१० मध्ये, केंटकीत १९११ मध्ये, इलिनॉयमध्ये १९१६ मध्ये. त्याआधीच्या नोंदी कुठे आहेत, कुठे नाहीत. असल्या तरी अर्ध्या.

लग्नाचं तसं नाही. लग्नाचा परवाना बऱ्याच राज्यांत काउंटीकडून घ्यावा लागे. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय तुकडा; आकाराने आपल्या एक-दोन तालुक्यांएवढा, पण कोर्ट, तहसील आणि दुय्यम निबंधक असं सगळं एकाच इमारतीत. ती इमारत म्हणजे कोर्टहाउस. शेतकऱ्याच्या आयुष्यातले बहुतेक कागद तिथेच तयार होत आणि तिथेच राहत. इमारत जळाली तर कागदही गेले, आणि अशा जळालेल्या इमारती दक्षिणेकडे भरपूर आहेत.

जनगणनेतून मागे मागे

सुरुवात ज्याची पक्की माहिती आहे त्याच्यापासून करायची आणि दहा-दहा वर्षांनी मागे जायचं. एखादा प्रसिद्ध पूर्वज आधी पकडून त्याच्यापासून खाली येऊ पाहणारे हमखास फसतात, कारण त्या आडनावाची दुसरी पन्नास घरं असतात.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. माणसांची नावं ७२ वर्षं गुप्त राहतात, मग खुली होतात. १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ ला खुले झाले. १९६० चे २०३२ मध्ये होतील. आजोबांना १९५० मध्ये पकडायचं आणि तिथून उलटं चालत जायचं.

१९०० चा तक्ता सगळ्यात उदार आहे. जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात, घर की शेत, स्वतःचं की भाड्याचं, गहाण आहे का. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान मिळतं. १८५०, ६० आणि ७० मध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, पण नात्याचा रकानाच नाही. चाळिशीचा पुरुष, तिशीची बाई आणि त्याच आडनावाची पाच मुलं दिसली की आपण ‘आई, वडील, मुलं’ म्हणून मोकळे होतो. ती बाई दुसरी बायको असू शकते, मुलांतली दोन मेलेल्या भावाची असू शकतात.

१८४० आणि त्याआधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे. हे किती फसवं आहे ते अब्राहम लिंकनच्या घरावरून पाहा. वडील टॉमस लिंकन हे शेतकरी आणि सुतार. १८१८ मध्ये पहिली बायको नॅन्सी वारली. १८१९ च्या डिसेंबरात त्यांनी सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं. ती आपली तीन मुलं घेऊन आली. घरात टॉमसची सेरा आणि अब्राहम ही दोन, नॅन्सीच्या माहेरचा डेनिस हँक्स हा तरुणही तिथेच. १८२० च्या पद्धतीच्या तक्त्यात हे सगळे एका ‘टॉमस लिंकन’ नावाखालचे आकडे. आकडेच पाहणारा माणूस त्या जोडप्याला सहा मुलं होती असं लिहून मोकळा होईल. त्या दोघांचं मिळून एकही मूल नव्हतं.

१८९० चं भगदाड

१८९० ची जनगणना जवळपास नाहीच. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. काही कागद जळाले, बरेच पाण्याने भिजले आणि उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले. त्यामुळे १८८० आणि १९०० यांच्यात वीस वर्षांची पोकळी आहे. १८८१ ला जन्मलेली आणि १८९९ ला लग्न होऊन गेलेली मुलगी आईवडिलांच्या घरात कुठल्याही केंद्रीय तक्त्यात दिसणार नाही.

ती पोकळी राज्यांच्या स्वतःच्या जनगणनांनी थोडी बुजते. कॅन्सस, आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का इथे १८८५ मध्ये मोजणी झाली. कॅन्ससच्या तक्त्यात तर ‘कॅन्ससला कुठून आलात’ असा रकाना आहे. हा एकच शब्द कधी कधी दोन वर्षांचं काम वाचवतो.

दोन जॉन मिलर

‘एकाच गावात त्याच नावाचे दोघे असले तर?’ असतातच. समजा ओहायोच्या एका टाउनशिपमध्ये, म्हणजे गावकारभाराच्या एका विभागात, १८६० साली दोन जॉन मिलर आहेत, दोघेही साधारण चाळिशीचे, दोघेही पेनसिल्व्हेनियात जन्मलेले. माणसांच्या तक्त्यावरून ते वेगळे करता येत नाहीत. इथे शेतीचा तक्ता उपयोगी पडतो.

१८५० ते १८८० च्या चारही मोजण्यांत शेतीचा वेगळा तक्ता होता आणि तो बऱ्याच राज्यांचा टिकला आहे. एका शेतकऱ्याला एक आडवी ओळ : लागवडीखालचे एकर, पडीक एकर, शेताची किंमत, अवजारांची किंमत, घोडे, खेचरं, दुभत्या गाई, कामाचे बैल, मेंढ्या, डुकरं, मग १ जूनला संपलेल्या वर्षात किती बुशेल गहू, मका, ओट, किती पौंड लोणी. (बुशेल हे मापाचं नाव, गव्हाचं एक बुशेल म्हणजे साधारण २७ किलो.) एका मिलरकडे १२० एकर वहितीला आणि पाच घोडे, दुसऱ्याकडे ३० एकर आणि बैलांची एक जोडी. दहा वर्षांनी इंडियानात एक जॉन मिलर आला आणि त्याने चार हजार डॉलर रोख देऊन जमीन घेतली, तर तो कोणता असण्याचा संभव जास्त, ते ओळखता येतं. पुरावा म्हणून एवढंच पुरत नाही. ओहायोतलं विक्रीखतही सापडायला हवं.

एक खाच लक्षात ठेवा. १८५० आणि १८६० मध्ये शंभर डॉलरांपेक्षा कमी उत्पन्नाची शेतं तक्त्यात घेतलीच नाहीत. तक्त्यात नाव नाही म्हणजे तो शेती करत नव्हता, असं होत नाही. १८९० चा शेतीतक्ता आगीत गेला, १९०० आणि १९१० चे सरकारने नष्ट केले.

वय दर वेळी वेगळं निघतं, मग माणूस तोच कशावरून?

१८५० मध्ये ३५, १८६० मध्ये ४२, १८७० मध्ये ५६. असं दिसलं की घाबरू नये. पहिली गोष्ट, त्या काळात मोजणीचा ठरलेला दिवस १ जून होता. प्रगणक ऑगस्टमध्ये आला तरी वय १ जूनचं सांगायचं. १० जूनला जन्मलेलं बाळ वगळायचं, ५ जूनला मेलेला म्हातारा जिवंत म्हणून लिहायचा. हा नियम सगळ्यांनी पाळला नाही. दुसरी गोष्ट, उत्तरं कोणी दिली ते कागदावर नसतं. माणसं शेतावर असली तर बारा वर्षांच्या मुलाने किंवा शेजाऱ्याने सांगितलेलं लिहून प्रगणक पुढे जाई. उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे खूण करायची पद्धत १९४० मध्ये आली. तिसरी गोष्ट स्वभावाची. १८६० च्या तक्त्यात अब्राहम लिंकनची बायको मेरी हिचं वय ३५ लिहिलं आहे. ती तेव्हा ४१ वर्षांची होती.

दोन-तीन वर्षांचा फरक नेहमीचाच. त्याहून जास्त फरक असला तर जन्मस्थान, मुलांच्या नावांचा क्रम आणि शेजारी जुळतात का पाहायचं. शेजारी फार महत्त्वाचे, कारण ही माणसं एकटी कधी हलली नाहीत. बायकोचे भाऊ, चर्चमधली दोन घरं, जुना जामीनदार, अशी भावकीच उठून पश्चिमेला गेली. तक्त्यात आपल्या माणसाच्या वरची दहा आणि खालची दहा घरं उतरवून घ्यायची सवय ठेवा. त्यातलं एखादं घर दहा वर्षांपूर्वी आधीच्या राज्यातही शेजारीच निघतं.

आडनाव एलिस आयलंडवर बदललं का?

ही दंतकथा जवळपास प्रत्येक घरात असते. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी करणारं एलिस आयलंडचं केंद्र १ जानेवारी १८९२ ला उघडलं. आपला शेतकरी बहुतेक वेळा त्याच्या आधीच येऊन गेलेला. आणि तिथले कारकून नावं स्वतः लिहीत नसत, जहाज सुटण्याआधी बनलेल्या यादीशी ताडून पाहत. नाव बदललं ते पुढे, हळूहळू आणि बहुधा ज्याचं त्यानेच. जर्मन म्युलरचा मिलर झाला, श्मिटचा स्मिथ झाला, कोखचा कुक झाला.

यावर उपाय म्हणून रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये ‘साउंडेक्स’ नावाच्या युक्तीचं पेटंट घेतलं. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकायचे, आणि सारख्या वाटणाऱ्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा : एल ला ४, एम आणि एन ला ५, आर ला ६, डी आणि टी ला ३. म्युलर आणि मिलर दोघेही एम-४६० होतात. श्मिट आणि स्मिथ दोघेही एस-५३०. पण पहिलं अक्षर बदललं की युक्ती हरते : कोख के-२०० मध्ये जातो, कुक सी-२०० मध्ये. आजच्या संगणकी शोधातही हीच चूक घडते. म्हणून आडनावाशिवाय, नुसतं पहिलं नाव, वय, जन्मस्थान आणि काउंटी टाकून एकदा तरी शोधावं.

नॉर्वेजियन शेतकऱ्यांची गंमत मराठी माणसाला लगेच कळेल. स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून पडलेलं नाव, आणि शेवटी ज्या शेतावर राहतो त्याचं नाव. शेत बदललं की शेवटचं नाव बदललं, जसं साताऱ्याहून आलेल्या माणसाला वाईत लोक सातारकर म्हणणार आणि त्याचा मुलगा पुण्याला गेला की तो वाईकर होणार. अमेरिकेत आल्यावर एका भावाने वडिलांचं नाव लावलं, दुसऱ्याने शेताचं. सख्खे भाऊ, दोन आडनावं, आणि दोन्ही खरी.

आता खरं काम : जमीन

आपल्या जुन्या खरेदीखतात चतुःसीमा असतात; पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला ओढा. मूळ तेरा वसाहतींत, आणि केंटकी, टेनेसी, टेक्ससमध्येही, जमीन अशीच सांगितली जाई : ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून उत्तरेला ८० पोल एका दगडापर्यंत, तिथून पूर्वेला वगैरे. पोल म्हणजे साडेसोळा फूट. झाड पडलं, ओढ्याने पात्र बदललं, की भांडण. केंटकीत सरकारने आधी मोजणी केलीच नव्हती. ज्याने त्याने आपला मोजणीदार आणला, आणि एकाच जमिनीवर कौलांसारखे एकावर एक हक्क चढले.

टॉमस लिंकनला याचा चांगलाच फटका बसला. १८०३ मध्ये मिल क्रीकचं शेत त्यांनी २३८ एकर म्हणून घेतलं. १८१४ मध्ये विकताना ते २०० एकरच निघालं. पुढच्या दोन शेतांच्या मालकीचे वाद कोर्टात गेले. १८१६ च्या डिसेंबरात कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात आलं. वडिलांनी केंटकी काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या कटकटीमुळे सोडलं, असं लिंकनने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

इंडियानात उलटा क्रम होता : सरकारने आधी मोजलं, मग विकलं. १७८५ च्या कायद्याने जमिनीवर चौकोनांची जाळी टाकली होती. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्याचा पाव हिस्सा १६० एकर, आणि पावाचा पाव ४० एकर. सेक्शनचे क्रमांक नांगरणीसारखे जातात. ईशान्येच्या कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत. मग बैल वळतात तसं वळून ७ हा ६ च्या खाली, आणि पुन्हा पूर्वेकडे. असं वळत वळत ३६ आग्नेयेच्या कोपऱ्यात येतो.

टॉमस लिंकनने १८१७ च्या ऑक्टोबरात व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत जे नोंदवलं ते असं : सेक्शन ३२ चा नैर्ऋत्य पाव, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम. हे शेवटाकडून वाचायचं. आधी रेंज, म्हणजे मुख्य उभ्या रेषेपासून किती टाउनशिप पश्चिमेला. मग टाउनशिप, म्हणजे मुख्य आडव्या रेषेपासून किती दक्षिणेला. मग त्या चौकोनात ३२ नंबर. मग त्याचा नैर्ऋत्य कोपरा. आपल्या गट नंबरपेक्षा हे सोपं, कारण नकाशा नसला तरी वहीच्या पानावर काढता येतं. फसायच्या जागा दोन. अशा मुख्य उभ्या रेषा देशात अनेक आहेत, त्यामुळे तोच टाउनशिप-रेंज दुसऱ्या राज्यातही सापडतो. आणि ‘टाउनशिप’ हा शब्द मोजणीच्या चौकोनालाही आहे आणि गावकारभाराच्या विभागालाही. दोन्हींच्या सीमा जुळतीलच असं नाही.

सरकारकडून पहिल्या मालकाला जो कागद मिळतो त्याला ‘पेटंट’ म्हणतात. शोधाच्या पेटंटशी त्याचा संबंध नाही. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर ही पेटंटं नावाने फुकट शोधता येतात, मूळ कागदाच्या चित्रासकट. लिंकनचं पेटंट १८२७ चं आहे, आणि ते १६० नव्हे तर ८० एकरांचं. पैसे पुरे पडले नाहीत, म्हणून पूर्वेकडचा अर्धा भाग सरकारला परत देऊन उरलेला सोडवला.

पुढचे सगळे व्यवहार काउंटीत. तिथे दोन सूच्या असतात, एक विकणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची. दोन्ही पाहायच्या. ज्याने १८५४ मध्ये जमीन घेतली तिचा शेवट कुठे तरी असलाच पाहिजे : विक्रीखत, वारसा, नाहीतर कर थकून झालेला लिलाव. विक्रीखत सापडत नसेल तर बहुधा मालक मेला आणि वारसांची फाइल वाट पाहते आहे. आपल्याकडे फेरफारावरून मृत्यूचं साल काढतात, तसंच हे.

अठरा डॉलर आणि पाच वर्षं

२० मे १८६२ ला लिंकनने, म्हणजे त्याच टॉमसच्या मुलाने, होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षांचा कोणीही नागरिक, किंवा नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेला परदेशी, १६० एकर मागू शकत होता. एकूण शुल्क अठरा डॉलर. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदार आणून ते सिद्ध करायचं. ती साक्ष वंशावळवाल्यांसाठी सोनं आहे.

कायदा अमलात आला त्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, नेब्रास्कात डॅनियल फ्रीमनने पहिला अर्ज दिला. पाच वर्षांनंतरच्या त्याच्या पुराव्यात लिहिलं आहे : घर काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं, १४ बाय २० फूट, एकमजली, दोन दारं, दोन खिडक्या. सुमारे ३५ एकर नांगरलेले. तबेला, मेंढ्यांसाठी शंभर फूट लांब गोठा, मक्याची कणगी, ४० सफरचंदाची आणि सुमारे ४०० पीचची झाडं. माणसाचा फोटो नसला तरी त्याचं अंगण दिसतं. (जमीन ‘मोकळी’ होती असं कागद म्हणतो. त्या भागात आधी ओटो-मिसुरिया लोक राहत. त्यांच्याकडून ती कशी गेली, ते या फाइलमध्ये नसतं.)

फ्रीमनसारखी फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येते. पेटंटवरचं जमिनीचं वर्णन, जमीन कचेरीचं नाव आणि क्रमांक द्यावा लागतो. परदेशातून आलेल्याच्या फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल असते. १९०६ पर्यंत कुठलंही लहानमोठं कोर्ट नागरिकत्व देऊ शकत होतं, त्यामुळे तो कागद एरवी शोधणं जिकिरीचं. साक्षीदारांची नावं नीट पाहा, त्यात मेहुणा निघतो.

ज्यांनी दुष्काळाने, टोळधाडीने, कर्जाने दावा अर्ध्यावर सोडला, त्यांचं पेटंट नसतं. संकेतस्थळावर नाव दिसत नाही, पण रद्द दाव्याच्याही फाइली आहेत. त्या जमिनीच्या नोंदवह्यांतून वर्णन काढून मागवायच्या. शिवाय अनेकांनी जमीन रेल्वे कंपनीकडून विकत घेतली, तिचं खत काउंटीत. आणि १८८० मध्ये देशातल्या शेतांपैकी सुमारे चौथा हिस्सा कुळांकडे होता. त्या वर्षीच्या शेतीतक्त्यात मालक, रोख खंडाने कसणारा आणि वाट्याने कसणारा असे तीन वेगळे रकाने आहेत.

बायका कुठे हरवल्या?

आडनाव बदललं आणि जमीन नवऱ्याच्या नावे, म्हणून त्या नाहीशा वाटतात. पण नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचा हयातीपुरता तिसऱ्या हिश्श्याचा हक्क असे, त्यामुळे विक्रीखतावर तिची सही किंवा अंगठ्याऐवजी फुली लागे. अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारी, जबरदस्ती नाही ना. १८४५ च्या खतावर मेरी आणि १८५२ च्या खतावर कॅथरीन असेल, तर मधल्या सात वर्षांत एक मृत्यू आणि एक लग्न दडलं आहे.

माहेरचं आडनाव काढायची सगळ्यात खात्रीची वाट तिच्या मुलांच्या मृत्यूदाखल्यातून जाते. १८६० मध्ये जन्मलेला मुलगा १९२५ मध्ये मेला तर त्याच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं. सगळ्या भावंडांचे दाखले काढा. एकाच्या जावयाने ‘माहीत नाही’ लिहिलं, तर दुसऱ्याच्या मुलीने नीट सांगितलेलं असतं.

दुसरी वाट वारसाहक्काच्या फाइलीतून. मृत्युपत्र असलं की लोक खूश होतात. खरं तर ते नसलेलं बरं. मृत्युपत्रात बाप लग्नात वाटा दिलेल्या मुलीला वगळतो. मृत्युपत्राविना मेला तर कोर्ट सगळे वारस, विवाहित मुलींच्या नवऱ्यांसकट, लिहून घेतं. सोबत पंचनाम्यासारखी वस्तूंची यादी आणि लिलावाचा हिशेब. विधवा स्वतःच्याच घरची गाय आणि चरखा लिलावात बोली लावून परत घेते, हे तिथे ओळीओळीने दिसतं. त्या कागदांत ‘ऑर्फन’ म्हणजे ज्याचा बाप मेला आहे तो. आई शेजारी जिवंत उभी असली तरी मुलांना कोर्ट पालक नेमून देई.

आणि यादवी युद्ध. केंद्राच्या बाजूने लढलेल्या सैनिकाच्या विधवेला पेन्शनसाठी लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. दाखला नाही, म्हणून बायकांनी घरच्या बायबलचं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलं; ते पान अजून फाइलमध्ये आहे. १८९८ मध्ये पेन्शन खात्याने हयात सैनिकांना प्रश्नावली पाठवली : बायकोचं माहेरचं नाव, लग्न कधी, कुठे, कोणी लावलं, मुलांची नावं आणि जन्मतारखा. एका पानावर अख्खं कुटुंब.

काळ्या शेतकऱ्यांचं काय?

इथे कागद मुद्दाम मुका ठेवला आहे. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांचा वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, वर्ण. माणसांची नावं नाहीत. पूर्वीचे गुलाम सगळे नावानिशी पहिल्यांदा १८७० मध्ये दिसतात, म्हणून शोधकर्ते याला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात. पलीकडे जायला मालकाचेच कागद उघडावे लागतात : त्याच्या मृत्यूनंतरच्या यादीत घोडे आणि नांगर यांच्याच रांगेत माणसांची नावं आणि किमती असतात. मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदी त्याहून माणुसकीच्या; अनेक खातेदारांनी तिथे आईवडील, भावंडं आणि जुन्या मालकाचं नाव स्वतः सांगितलं आहे.

कोर्टात शोधलं, काही नाही, म्हणजे नोंद नाही?

लिंकनच्या आईवडिलांचं लग्न झालंच नव्हतं अशी कुजबूज वर्षानुवर्षं चालली, कारण ते जिथे राहिले त्या हार्डिन काउंटीत नोंद सापडत नव्हती. लिंकन गेल्यानंतर ती निघाली ती वॉशिंग्टन काउंटीत : परवान्याचं हमीपत्र आणि पाद्री जेसी हेड यांनी दिलेली यादी, लग्न १२ जून १८०६. परवाना नवरीच्या काउंटीत निघे, आणि नॅन्सी हँक्स तेव्हा तिथे राहत होती.

दुसरी गफलत सीमांची. काउंट्या एकसारख्या फुटत गेल्या. लिंकन कुटुंब १८१६ मध्ये आलं तेव्हा ती जागा पेरी काउंटीत होती. १८१८ मध्ये स्पेन्सर काउंटी वेगळी झाली. माणूस त्याच झोपडीत, पण काउंटी दुसरी. फुटण्याआधीचे कागद सहसा जुन्या काउंटीतच राहतात. म्हणून प्रत्येक नोंदीसाठी आधी विचारायचं : त्या तारखेला ही जागा कुठल्या काउंटीत होती?

संकेतस्थळावर वृक्ष तयारच असतो की

असतो, आणि तिथेच घोटाळा आहे. सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चची फॅमिलीसर्च ही सेवा फुकट आहे, भारतातून खातं उघडता येतं, आणि कोट्यवधी मूळ पानांची छायाचित्रं तिथे आहेत. पण त्याच ठिकाणी लोकांनी एकमेकांचे पाहून उतरवलेले वृक्षही आहेत. चाळीस वृक्षांत एकच माहिती असली तर ते चाळीस पुरावे नव्हेत. एकाची चूक एकोणचाळीस जणांनी उतरवलेली असू शकते. पानाचं चित्र उघडा, पुढचं-मागचं पान वाचा, आणि न सापडलेलंही वहीत लिहा : कुठली काउंटी, कुठलं पुस्तक, कुठली वर्षं. नाहीतर सहा महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा चाळाल.

डीएनए चाचणीचा उपयोग कागद संपतात तिथे होतो, पण तो मोजका. खापरपणजोबाचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के. त्याच्यापासून फुटलेल्या चुलत शाखांपैकी दहातल्या एकाशी तरी मोजता येण्याजोगं काहीच जुळत नाही. नॅन्सी हँक्सची आई कोण, यावर फार वाद झाले. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या डीएनएची तपासणी झाली, आणि ती लूसी हँक्सची मुलगी या मताला बळ मिळालं. तिचा बाप कोण, यावर मात्र कोणत्याच काउंटीतला कागद बोलत नाही. त्याच्या नावावरची जमीन तिला कधी मिळालीच नाही.